तक्त्यात नसलेला रकाना

महोदय,

‘लोकांच्या बेशिस्तीमुळेच साथ पसरली’ अशा सुराची पत्रे गेले काही दिवस आपल्या अंकात वाचते आहे. कोरोनाच्या सर्वेक्षणाला शाळेतल्या शिक्षकांना जुंपले होते, त्यांत मीही होते. एका हातात ताप मोजायची गन, दुसऱ्या हातात तक्ता, आणि दिवसाला पन्नास दारे. तक्त्यात नाव, वय, ताप, खोकला, ऑक्सिजन एवढे रकाने. लोक जे विचारायचे, त्याला रकाना नव्हता.

एक आजोबा दाराची साखळी न काढताच म्हणायचे, “बोला बाई, आज काय नवीन?” टोमणाच तो. पण त्यांचे काय चुकले? निरोगी माणसाला मास्कची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सुरुवातीला सांगत होती. ५ जून २०२० रोजी, जिथे अंतर राखता येत नाही तिथे सर्वसामान्यांनीही कापडी मास्क वापरावा, असा सल्ला आला. माहिती वाढली की सल्ला बदलणारच, यात लाजण्यासारखे काही नाही. पण आमच्या कार्यालयात नवे परिपत्रक जुन्यावरच, त्याच टाचण्यांनी टोचले जाई. काल आम्ही वेगळे सांगत होतो आणि ते का बदलले, याची एक ओळही नसे. आजोबांना मी काय सांगणार?

ताप लपवणारी माणसेही भेटली. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. एका घरी चौदा दिवस संपल्यावर दारावरचा विलगीकरणाचा कागद काढला, तर डिंकाचा चौकोन तसाच राहिला. घरातला कर्ता पुरुष तो नखाने खरवडत होता. म्हणाला, “कागद गेला, पण कामावर अजून बोलवत नाहीत.” शेजारच्यांनी हे सगळे पाहिलेले. त्यांच्याकडे कोणाला ताप आहे का, असे विचारल्यावर सगळे एका सुरात “नाही” म्हणाले. मी शून्य लिहिले आणि पुढे गेले. त्या शून्याची बेरीज वर कोणीतरी यश म्हणून दाखवली असणार.

बेशिस्त माणसे नव्हती असे मी म्हणत नाही. मास्क हनुवटीवर ठेवून माझ्याशी तावातावाने बोलणारे पुष्कळ होते. आणि शहाणपणाचे म्हणाल, तर आपलाच अंक मी दिवसभर गॅलरीत टाकून दुसऱ्या दिवशी वाचत होते!

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. नवरा आजारी असलेल्या एका बाईंनी आतून विचारले, “त्यांच्या खोलीची खिडकी उघडी ठेवू की बंद?” मी परिपत्रक चाळले. जिना कशाने पुसायचा, द्रावणात किती पाणी घालायचे, सगळे होते; खिडकीबद्दल अक्षर नव्हते. हा आजार हवेतून पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २८ मार्च २०२० रोजी ठासून जाहीर केले होते, तरी शेजाऱ्यांचा गिल्ला नको म्हणून मी म्हटले, “बंदच ठेवा.” जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हवेतून होणाऱ्या संसर्गाकडे लक्ष वेधले आणि खोल्यांत हवा खेळती ठेवा, असे सांगितले. म्हणजे मी सांगितले ते चूक होते.

पुढच्या साथीसाठी आराखडे होतील, तेव्हा प्रत्येक परिपत्रकाच्या माथ्यावर तीन ओळी सक्तीच्या करा: आधी काय सांगितले होते, आता काय बदलले, कशामुळे. आणि तक्त्यात ‘घरच्यांनी काय विचारले’ असा एक रकाना ठेवा.

चूक कळल्यावर मी त्या बाईंकडे जाणार होते. तोवर याद्या बदलल्या होत्या आणि ते दार दुसऱ्या शिक्षिकेकडे गेले होते. तिला मी फोन करून म्हटले, “तेवढी खिडकी उघडायला सांग.” ती म्हणाली, “तसं लेखी आलंय का?”

– एक निवृत्त शिक्षिका