घर जप्तीची नोटीस : नातेवाइकांनी पहिले साठ दिवस वाया घालवू नयेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात घर जप्त होत असल्याची बातमी नातेवाइकांच्या कानावर येते ती बहुधा दाराला कुलूप लागायच्या आदल्या दिवशी. मग मामा, मेहुणे, चुलते सगळे धावून येतात. मनापासून येतात, पण तोवर कायद्याने दिलेले बरेच मार्ग बंद झालेले असतात. मदत करायची असेल तर ती पहिल्या नोटिशीनंतरच्या ६० दिवसांत करावी. त्या काळात पैशांइतकेच, किंबहुना जास्तच, कागद वाचून देणारे माणूस लागते.

आधी कर्ज कोणाचे ते बघा. बँक, गृहकर्ज कंपनी आणि मोठ्या वित्त कंपन्या २००२ च्या सरफेसी कायद्याने, कोर्टात दावा न लावता, तारण घराचा ताबा घेऊ शकतात. वित्त कंपनीला मात्र २० लाखांखालच्या कर्जासाठी हा कायदा वापरता येत नाही. सहकारी बँकांना तो लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. आपल्याकडे गल्लोगल्ली असलेल्या पतसंस्था, सौहार्द (कर्नाटकाच्या सौहार्द सहकारी कायद्याखालच्या) आणि मल्टिस्टेट संस्था बँका नव्हेत. त्यांची वसुली सहकार कायद्याखालचा दावा किंवा लवाद यांमार्फत चालते. लवादाची नोटीस ‘संस्थेचेच पत्र आहे’ म्हणून बाजूला ठेवली जाते, तारखेला कोणी जात नाही आणि एकतर्फी निवाडा होतो. मल्टिस्टेटच्या लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यायला साधारण तीन महिने असतात. ते गेले की निवाड्याची अंमलबजावणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच होते.

बँकेची नोटीस सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची असते; बाकी भरायला ती ६० दिवस देते. आपल्याकडची अडचण अशी की नोटीस बहुधा इंग्रजीत असते, पुढची जाहिरात कन्नड आणि इंग्रजी पेपरात येते आणि घरात दोन्ही नीट वाचणारे कोणी नसते. नातेवाइकाने पहिल्याच आठवड्यात ती हातात घ्यावी. तिच्यात चार गोष्टी शोधाव्यात : खाते थकीत ठरल्याची तारीख, त्या दिवशीची एकूण बाकी, तिच्यातले व्याज आणि दंड वेगळे दाखवले आहेत का, आणि शेवटच्या परिशिष्टातल्या मिळकतीच्या चतुःसीमा. चतुःसीमा आणि मिळकत क्रमांक ग्रामपंचायतीच्या ई-स्वत्तू उताऱ्याशी किंवा महापालिकेच्या खाते उताऱ्याशी ताडून बघा. भावाच्या वाटणीची खोली चुकून परिशिष्टात आली असेल तर हरकत घेण्याची वेळ हीच. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला तरच खाते थकीत ठरते. तारीख त्याआधीची असेल तर तेही लिहून द्यायचे. पोस्टमन आला की रजिस्टर नाकारायचे, ही युक्ती अजून गावोगाव चालते. तिचा काही उपयोग नाही. नाकारलेले पाकीट मिळाल्यासारखेच धरले जाते, नोटीस दारावर चिकटवताही येते आणि फुकट जातात ते आपले दिवस.

त्यानंतर शाखेतून कर्जखात्याचा पूर्ण उतारा मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दंडाची रक्कम व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे आणि जुन्या कर्जांनाही त्याच वर्षीच्या मध्यापर्यंत लागू झाले. फरक दिसला तर आकड्यांसह हरकत लिहा, नोटिशीवर सही करणाऱ्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावाने द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. मुळात तारण शेतजमीन असेल किंवा बाकी मुद्दल आणि व्याज मिळून २० टक्क्यांहून कमी उरली असेल, तर सरफेसी कायदाच लागू होत नाही. पण नुसत्या आरटीसी उताऱ्यावर (कर्नाटकातला सातबारा) ‘शेती’ लिहिले आहे म्हणून भागत नाही; जमीन खरोखर कसली जात होती हे कर्जदाराला दाखवावे लागते.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो इथे. समजा हप्ता १४ हजारांचा आहे आणि चार थकले आहेत. भाचा सोने गहाण ठेवून एक हप्ता भरतो आणि घरचे निश्चिंत होतात. परंतु एकदा थकीत ठरलेले खाते संपूर्ण थकबाकी, म्हणजे इथे ५६ हजार आणि त्यावरचे आकार, भरल्याशिवाय पुन्हा नियमित होत नाही. एका हप्त्याने कारवाई थांबत नाही. सोने मात्र अडकते. म्हणून चार-पाच घरांनी मिळून पूर्ण थकबाकी एकदम भरावी आणि खाते नियमित झाल्याचे पत्र घ्यावे. एवढी रक्कम जमत नसेल तर तुकड्यातुकड्याने पैसे भरू नयेत. तेच पैसे तडजोडीसाठी राखून ठेवावेत.

एकरकमी तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. बँक नकार देऊ शकते. म्हणून अर्जात ‘कमी करा’ एवढेच न लिहिता रक्कम, ती कोण देणार आणि कोणत्या तारखेला, हे लिहावे. सोबत अनामत भरावी. तोंडी होकारावर कधीही विसंबू नका. मंजुरीपत्रात शेवटची तारीख असते. ती चुकली की सवलत रद्द होते आणि भरलेली रक्कम मूळ बाकीत वळती होते.

६० दिवसांनंतर बँक आधी सांकेतिक ताबा घेते : दारावर नोटीस आणि दोन पेपरांत जाहिरात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक बहुधा जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आणते. ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत बेंगळूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात मनाईसाठी गेलात तर बहुतेक वेळा दारातच अडाल, कारण कायद्याने तिथे बंदी आहे. ताबा टाळायला भावाभावांत घाईघाईने लावलेला वाटणीचा दावाही वकिलाची फी वाढवण्यापलीकडे फारसा टिकत नाही.

घर वाचण्यासारखे नसेल तर तसे वेळेत स्पष्ट बोलणारा नातेवाईकच खरा उपयोगी. लिलावात भाव सहसा पडतो; स्वतः गिऱ्हाईक आणून विकले तर हातात चार पैसे उरू शकतात. नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विक्री करता येत नाही, म्हणून गिऱ्हाईक, बँक आणि मालक अशी तिघांची लेखी बोलणी करावी आणि रक्कम थेट कर्जखात्यात घ्यावी. हे लिलावाची जाहिरात निघण्याआधी व्हायला हवे. पूर्ण बाकी भरून घर सोडवण्याचा हक्कही त्या जाहिरातीबरोबर संपतो. लिलाव झालाच तर बाकी वजा जाऊन उरलेली रक्कम मालकाची असते, तिचा हिशेब लेखी मागा. कमी पडलेली रक्कम मात्र कर्जदार आणि जामीनदार दोघांकडून वसूल होते.

नातेवाइकांनी स्वतःलाही जपावे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराकडे जावे अशी अट नाही. दुसऱ्याचे घर सोडवायला आपले घर तारण देणे आम्हाला कुठल्याही परिस्थितीत पटत नाही. अशाने एका घराऐवजी दोन घरे जाऊ शकतात. पैसे द्यायचे ते आरटीजीएसने थेट कर्जखात्यात द्या. हातउसने २० हजार किंवा त्याहून अधिक रोखीने घेणे-देणे आयकर कायद्याला मान्य नाही. बक्षीस म्हणून देणार असाल तर नाते बघा : काकाने पुतण्याला दिले तर करमुक्त, पुतण्याने काकाला किंवा चुलत भावाने भावाला वर्षात ५० हजारांवर दिले तर ते घेणाऱ्याचे उत्पन्न धरले जाऊ शकते. म्हणून उसने असेल तर परतफेडीच्या मुदतीसह मुद्रांकावर लिहून ठेवा. नाते बिघडू नये म्हणूनच कागद हवा.

‘दिवाळखोरी जाहीर केली की घर वाचते’ हा समज घातक आहे. दिवाळखोरीच्या अर्जाने हातउसने, उधारी, व्यक्तिगत कर्जे यांवर काही आसरा मिळू शकतो. गहाण घरावरचा बँकेचा हक्क त्याने जात नाही. घर बायकोच्या किंवा मुलाच्या नावे करून टाकणे तर त्याहून वाईट. धनकोंना चुकवण्यासाठी केलेले हस्तांतर रद्द ठरते आणि कर्जदाराच्या सचोटीवरच शंका येते.

वसुली एजंट सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करत असेल, तर वेळ आणि नंबर टिपून आधी बँकेकडे तक्रार करा. ३० दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (१४४४८). वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे (१५१००). स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. प्राधिकरणाने खानापूर, निपाणी, चिकोडीतल्या शिबिरांत एकदा फक्त या नोटिशी मराठीत समजावून सांगण्याचा दिवस ठेवावा, अशी आमची विनंती आहे. आपल्या दैनिकानेही ती लावून धरावी.

कर्ज फिटल्यावर काम संपत नाही. ‘बाकी नाही’ असा दाखला घ्या. मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. मग उपनिबंधक कार्यालयातून नवा ईसी (मिळकतीवरच्या बोजांचा दाखला) काढून गहाणाची नोंद उतरली आहे ना, हे बघा.

आपले,
बेळगाव व खानापूर येथील काही निवृत्त बँक कर्मचारी