मशीन अंदाज सांगेल, पण रेफरच्या चिठ्ठीवर काय लिहिता?

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

डोक्याला मार लागलेला पेशंट वाचेल का, वाचला तर स्वतःच्या हातानं जेवेल का हे आता मशीन लर्निंगनं, म्हणजे जुन्या पेशंटांच्या नोंदीवरून शिकलेल्या कॉम्प्युटरनं, सांगता येतं असं वाचायला मिळतंय, आणि आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय म्हणून लिहायलोय. गळीत हंगामात माझा पुतण्या रात्री केजहून मोटारसायकलवर येत होता, रस्त्यात उसाचा डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर उभा, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, लेकरू सरळ ट्रॉलीवर जाऊन आदळलं.

पहिल्या दवाखान्यात तो डोळे उघडत होता, एकदा "माय" म्हणाला, मी स्वतः ऐकलंय. पण चिठ्ठीवर काय लिहिलं तर हेड इंज्युरी, रेफर. टाइम सुद्धा नाही. वाटेत फिटचा झटका आला, दुसऱ्या ठिकाणी घशात नळी घातली, झोपेचं इंजेक्शन दिलं, मग संभाजीनगरला पोचल्यावर तो बोलणार कसा? तिथं डॉक्टरनं नख दाबून पाहिलं, बॅटरी मारून डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या आणि म्हणाले स्कोअर लई कमी आहे, आशा धरू नका.

हा स्कोअर म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, पेशंट किती शुद्धीवर आहे ह्याचे मार्क, १९७४ चा. डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, म्हणजे कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५. अंदाज सांगणारी मॉडेलं मुख्यतः हा स्कोअर, वय, बाहुल्या आणि सिटी स्कॅन ह्यांच्यावर चालतात. नळी असलेल्याला बोलण्याचे मार्क कुठून देणार? त्याचं ते "माय" कुठल्याच कागदावर आलं नाही, मग मशीनला ते दिसणार तरी कसं.

आणि अजून एक, २००८ मध्ये १०,००० वर पेशंटांच्या माहितीवरून क्रॅश नावाचं मॉडेल आलं, त्यात श्रीमंत देशांसाठी वेगळं आणि गरीब-मध्यम देशांसाठी वेगळं गणित ठेवावं लागलं. मग मोठ्या शहरातल्या आयसीयूच्या डेटावर शिकलेलं मशीन, तासनतास अँब्युलन्समध्ये घालवलेल्या आमच्या माणसाला तसंच्या तसं कसं लागू पडेल? शिवाय आकडा ऐकून नातेवाईक सही करून पेशंट घरी नेतात, तो जातो, आणि नोंदीत मशीनचं खरं ठरतं. वहिनीनं सही केली नाही. सातव्या महिन्यात पोरानं शर्टाची बटणं स्वतः लावली, डावा हात अजून साथ देत नाही.

मशीन यावं, माझा विरोध नाही. पण आधी मराठवाड्यातल्या प्रत्येक दवाखान्यात रेफरच्या चिठ्ठीवर टाइम, तिन्ही मार्क वेगवेगळे, दोन्ही बाहुल्या आणि झटका आला का एवढं छापील रकान्यात लिहायला लावा, आणि सहा महिन्यांनी घरी एक फोन करा, कारण पेशंट कितपत सावरला हे ही मॉडेलं सहा महिन्यांनीच बघतात, आम्हाला आजपर्यंत एकही फोन आला नाही. आमची ती चिठ्ठी जपून ठेवलीय, छापणार असाल तर फोटो पाठवतो.

आपला वाचक,
ता. केज, जि. बीड