आईबाबा, कॉम्प्युटरचं एकदा ठरवून टाकू

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हा विषय काही पूर्ण होत नाही. मी अर्ध्यावर येते तोवर बाबा म्हणतात "अगं पण असेंबल केलेलाच परवडतो", मागून आई ओरडते "मला फक्त बटण दाबल्यावर चालू होणारा पाहिजे", मग गाडी माझ्या खोकल्यावर घसरते आणि फोन संपतो. म्हणून शेवटी लिहायलाच बसले. लांबलंय, सवडीने वाचा. बाबा, मधलं गाळून थेट शेवटावर उडी मारायची नाही.

नवीन घ्यायचाच का, हा तुमचा पहिला प्रश्न. तर हो, घ्यायचाच. आपला कॉम्प्युटर २०१६ चा, आत इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, वर इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आपला त्यात बसत नाही. आडवाटेने ११ बसवतात लोक, नोंदणी करून १० ला थोडी मुदतवाढही मिळते, पण मुदतवाढ म्हणजे काय इलाज नव्हे. मशीन धडधाकट आहे असं बाबा म्हणतात ते खरंच आहे, फक्त त्यावर आई बँकेचे व्यवहार करते, आणि उद्या विंडोजच्या सुरक्षेत एखादं नवं भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येणार नाही.

आता असेंबलचं, म्हणजे सुटे पार्ट आणून घरी जोडण्याचं. बाबा, तुमचे हात शिवशिवतायत हे मला कळतंय हो, रेडिओपासून मिक्सरपर्यंत घरातली एकही वस्तू तुम्ही उघडून बघितल्याशिवाय सोडलेली नाही. आणि कॉम्प्युटर तर मुळात उघडायलाच केल्यासारखा आहे. त्याचं कारण मला फार आवडतं म्हणून सांगते. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पहिला पीसी काढला तेव्हा त्यांना घाई होती, सगळं स्वतः बनवत बसायला वेळ नव्हता, म्हणून प्रोसेसर इंटेलचा, मशीन चालवणारा मूळ प्रोग्रॅम म्हणजे डॉस मायक्रोसॉफ्टचं, बाकीचंही बरंचसं बाजारात मिळणारं घेतलं आणि आतली रचना पुस्तिकेत छापूनही टाकली. झालं, दोनेक वर्षांत दुसऱ्यांनी तसाच्या तसा चालणारा पीसी काढला. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवलं, म्हणजे मदरबोर्डाची (बाकी सगळं ज्यावर बसतं त्या पाटीची) भोकं कुठे, मागची सॉकेटं कुठून बाहेर येणार, पॉवर सप्लायचा प्लग कसा, सगळं ठरलेलं. त्यामुळे आजही एकाचा बोर्ड, दुसऱ्याचा डबा आणि तिसऱ्याचा पॉवर सप्लाय घेतला तरी स्क्रू बरोबर भोकावर येतो. दुसऱ्या कुठल्या घरगुती वस्तूत हे सुख आहे सांगा.

आणि जोडणं अवघड नाहीच. मदरबोर्ड, प्रोसेसर, त्यावरचा पंखा, रॅम (चालू कामाची माहिती धरणारी पट्टी), एसएसडी (फाइली साठवायची डिस्क), पॉवर सप्लाय, कॅबिनेट, सात वस्तू आणि एक चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर. एका दुपारचं काम. प्रोसेसरवरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि अलगद ठेवायचा, दाबायचा अजिबात नाही, हल्ली पिना सॉकेटमध्ये असतात आणि त्या इतक्या नाजूक की एक वाकली तर बोर्ड गेला. रॅम मात्र उलट, ती चांगली जोर लावून दाबायची, टक् आवाज येईपर्यंत, आणि पहिल्यांदा करताना वाटतंच की आता मोडणार. डीडीआर ४, डीडीआर ५ या रॅमच्या पिढ्या, आणि ४ च्या खाचेत ५ जातच नाही, म्हणजे चुकायचं म्हटलं तरी तिथे चुकता येत नाही.

चुकता येतं ते खरेदी करताना! हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. २०२१ मध्ये मी माझा कॉम्प्युटर बनवला तेव्हा प्रोसेसर घेतला तो नावाच्या शेवटी एफ असलेला, जरा स्वस्त पडला म्हणून. इंटेलच्या त्या एफचा अर्थ आतमध्ये ग्राफिक्स नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणारच नाही. आणि ते वर्ष कुठलं, तर चिपची टंचाई, त्यात क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक्स कार्डं उचललेली, कार्ड मिळेचना. सगळं जोडलं, पंखे फिरतायत, लाइट लागलेत आणि स्क्रीन काळीकुट्ट. तुम्ही रोज विचारायचात "झाला का गं चालू" आणि मी "हो हो, चाललंय" म्हणायचे. पाच आठवडे डबा नुसता शोभेला होता. शेवटी कार्ड मिळालं, लावलं, तरी काळीच! अर्धी रात्र डोकं खाजवलं तेव्हा कळलं की मॉनिटरची वायर कार्डाऐवजी बोर्डाच्या सॉकेटमध्ये खुपसून बसले होते. काखेत कळसा.

पण हे सगळं गंमतीत जमा. खरा ताप पुढे झाला. सातआठ महिन्यांनी मशीन मधेच आपोआप रिस्टार्ट व्हायला लागलं, कधी दिवसातून दोनदा, कधी आठवडाभर काहीच नाही. मी पॉवर सप्लायवाल्याकडे गेले, तो म्हणाला बोर्ड बघा. बोर्डवाला म्हणाला रॅम जुळत नसेल. रॅमवाला म्हणाला आमची रॅम आजवर कधी परत आली नाही. तिघांचीही वॉरंटी चालू होती बरं का, कागद सगळे फाइलला लावलेले, पण वॉरंटी ज्याच्या त्याच्या पार्टची, आणि मशीन का बंद पडतंय याची वॉरंटी कोणाचीच नाही. शेवटी मेमटेस्ट नावाचा प्रोग्रॅम रात्रभर चालवला, सकाळी स्क्रीनवर लाल ओळींचा पाऊस, दोनपैकी एक रॅम खराब. बदलून मिळाली, आणि फुकट मिळाली. पण ते शोधून काढण्यात तीन महिने गेले, आणि मी ते करू शकले कारण माझ्याकडे दुसरा लॅपटॉप होता आणि मला त्या फंदात पडायला आवडतं.

बाबा, इथंच घोडं पेंड खातं. जोडायला तुम्ही नक्की जोडाल, माझ्यापेक्षा नीटच. पण तो बिघडला की आईने कोणाला हाक मारायची? तुम्हाला. तुम्ही कोणाला? मला. आणि मी इथून फोनवर विचारणार "लाइट लुकलुकतोय का, किती वेळा लुकलुकतोय, बरं आता एक रॅम काढून बघा", आणि तोवर आईचं काम अडकलेलं. गेल्या वर्षी प्रिंटरच्या वेळी आपण तिघं कसे भांडलो ते आठवा. तयार मशीन घेतलं की निदान एक नंबर असतो, एक पावती असते, आणि आतलं काय बिघडलं ते शोधायचं काम त्यांचं. काही मॉडेलवर माणूस घरी येऊन दुरुस्त करायची वॉरंटी मिळते, ती मिळत असेल तर दोन पैसे जास्त देऊन घ्या. वेग वगैरे राहू दे बाजूला, तुमच्या घरासाठी मी हीच एक गोष्ट बघेन.

पैशाचं म्हणाल तर "असेंबल स्वस्त" हे सरसकट खरं राहिलेलं नाही. गेमिंगचं किंवा व्हिडिओ एडिटिंगचं दणकट मशीन हवं असेल तर हवे ते पार्ट निवडून अजूनही फायदा होतो. साध्या घरच्या मशीनमध्ये मात्र मोठ्या कंपन्या पार्ट घाऊक घेतात, विंडोजचं लायसन्सही त्यातच असतं. आपण जोडला की विंडोज वेगळं विकत घ्यायचं, आणि "मी टाकून देतो ना" म्हणणाऱ्याचं विंडोज बहुतेक वेळा चोरीचं असतं, ते बँकेच्या मशीनवर नकोच. वर २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरवाल्यांमुळे रॅमचे भाव भडकलेत, सुटी रॅम घेणाऱ्याला ते लगेच झोंबतात.

पण तयार घ्या म्हणजे डोळे मिटून घ्या असं नाही हं आई. त्यातही खाचखळगे आहेत. दुकानात "आय ५ आहे" म्हणून सांगतील, तर कुठल्या पिढीचा ते विचारायचं, कारण आय ५ हे नाव २००९ पासून चालू आहे. रॅम १६ जीबी घ्या, आणि शक्यतो ८ च्या दोन, कारण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्ही वाटांनी माहिती खेचतो, आणि तुमच्यासारखं वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तिथे तो फरक जास्त जाणवतो. हार्ड डिस्कवर विंडोज असलेलं मशीन कितीही स्वस्त मिळू दे, नको. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक सुई इकडून तिकडे धावून माहिती गोळा करते, एसएसडीत फिरणारं काहीच नाही. सकाळी कॉम्प्युटर चालू करून तू देवपूजा उरकून येतेस ना, ते बंद होईल, तेवढा वेळच मिळणार नाही. ५१२ जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डात बसणारी, जास्त वेगवान) एसएसडी भरपूर झाली. ग्राफिक्स कार्ड नको, तुझ्या कामाला ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

आणि बाबा, हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे, लपवत नाही. काही तयार मशीनमध्ये कंपनीने एटीएक्सला बगल देऊन स्वतःचाच पॉवर सप्लाय आणि स्वतःचाच प्लग ठेवलेला असतो. आमच्या ऑफिसात असं एक मशीन वॉरंटी संपल्यावर मेलं, बाकी सगळं ठणठणीत, फक्त पॉवर सप्लाय गेलेला, आणि बाजारातला दुसरा कुठलाच आत मावेना. ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीनच्या पाठीतच सगळं बसवलेलं मशीन, तर मला अजिबात नको, स्क्रीन गेली की सगळंच उचलून न्यायचं.

तर माझं मत, मिनी पीसी घ्या. तळहातापेक्षा थोडा मोठा डबा असतो, मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने लावता येतो, आईला टेबलावर जागा मोकळी मिळेल. पॉवर सप्लाय बाहेर, लॅपटॉपसारखा अडॅप्टर, गेला तर त्याच व्होल्टेजचा, पुरेशा वॉटचा आणि तशाच पिनचा दुसरा आणायचा. वीजही कमी खातो. लॅपटॉपची छोटी रॅम आणि एसएसडी लागते, आणि चांगल्या मॉडेलमध्ये खालचे चार स्क्रू काढले की दोन्ही बदलता येतात. फक्त घेण्याआधी बघा की रॅम बोर्डावर डाग देऊन चिकटवलेली नाही ना. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आपला जुनाच चालेल, मॉनिटरला एचडीएमआय आहे, मी मागच्या खेपेला बघून ठेवलंय.

आता बाबा म्हणतील, म्हणजे माझ्या हाताला काही कामच नाही. आहे की. जुना कॉम्प्युटर तुमचा. तो टाकायचा नाही. त्यातली हार्ड डिस्क काढून तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी लावा, साटा म्हणजे हार्ड डिस्कचीच जोडणी, वायरी त्याच लागतात. कॅबिनेट मोठं आहे, ब्रॅकेट नसला तरी एसएसडी वजनाला काहीच नसते, दोन स्क्रूंवर नीट राहते. बोर्डावरचा गोल सेल बदला, सीआर २०३२, तारीख सारखी मागे जाते ना ती त्याच्यामुळेच. प्रोसेसरवरचा पंखा काढून दहा वर्षांची वाळलेली, उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट पुसा आणि वाटाण्याएवढी नवी लावा. रॅम वाढवायची असेल तर आधी जुनी काढून तिच्यावरचं स्टिकर वाचा, कारण सहाव्या पिढीच्या बोर्डांत डीडीआर ३ पण असते आणि डीडीआर ४ पण. मग त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकू, फुकट आहे, अपडेटही येत राहतात, आणि तुम्ही काहीही उघडा, जोडा, बिघडवा, आईचं काम अडणार नाही. त्यात हात बसला की पुढच्या वर्षी मी महिनाभर येणारे तेव्हा सात वस्तूंवाला नवा कोरा कॉम्प्युटर आपण दोघं मिळून बनवू. प्रोसेसर मी निवडणार नाही, शपथ!

आई, तू एवढंच कर, मॉडेल पसंत पडलं की पैसे देण्याआधी त्याच्या खोक्यावरच्या लेबलचा फोटो मला पाठव.

आणि बाबा, जुना उघडण्याआधी त्या हार्ड डिस्कवरचे सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, कॉपी झाल्यावर चारपाच उघडूनही बघा. आईला शेजारी बसवून करा, कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे ते तिलाच माहिती आहे. मग स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या, प्लग काढून.

तुमची लेक