मासा आणि आसा

पेडणे,
चतुर्थीआधीचा रविवार

प्रिय अनंता,

आठ महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, साखर होती तिथेच आहे.

माझ्या तिसरीत एक पोरगा आलाय. मागे एका मंगळवारी धडा घडाघडा वाचला, एक चूक नाही. जवळ गेलो तर पुस्तक भलत्याच पानावर उघडं. आता कळलं ना, का लिहितोय?

'कमळ' लिहून दिलं की 'कळम' वाचतो. डोकं तल्लख, गणपतीवरच्या माटोळीला काय काय फळं-पानं बांधतात ते माझ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक. आम्ही बाराखडी घोकून घेतो नि हात झटकतो. पण 'मा'च्या पोटात म् आणि आ असे दोन आवाज आहेत, हे पोराला कोण सांगणार? एल्कोनिन नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाची युक्ती आहे: आवाजागणिक एक चौकोन, त्यात एकेक सोंगटी सरकवायची. मी काजूच्या बिया घेतल्या. पहिल्याच दिवशी चार खिशात घालून पळाला. तुझाच अवतार!

'मासा'ला चार बिया. "म् काढ, काय उरलं?" महिनाभर उत्तर एकच: "सा." अख्खा 'मा'च उचलायचा. मग ओठ मिटून नुसतं म्म्म् करायला लावलं, ओठांवर त्याचंच बोट ठेवून. काल पहिली बी बाजूला सारली, उरलेल्या तिन्हींवरून बोट फिरवलं आणि ओरडला, "आसा! सर, आसा!" घरी कोकणीच बोलतो ना. म् गेला तरी आसा, म्हणजे आहेच!

'कमळ' मात्र अजून 'कळम'च. बापाला म्हटलं, डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं वाचण्यातली अडचण, असेल, तपासून घेऊ, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हे धरलंय. तो बिथरलाच. "म्हजो पूत अपंग न्हय." कायदा काढायलाच नको होता. आता पोराला शाळेत तरी पाठवतो की नाही, या घोरात आहे.

आणि अनंता, तू पाठ करून वाचतोस हे मास्तरांना बाबूने नाही सांगितलं. मी सांगितलं. तू गळ दिला नव्हतास म्हणून. छड्या तू खाल्ल्यास, नि अबोला बाबूशी धरलास.

वहिनींचा गुडघा कसा? लेकीला नोकरी लागली म्हणे, पेढे बाकी.

हे तिच्याकडून वाचून घेऊ नकोस. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, ओळी सोडल्यात.

तुझा,
दत्ता