आपल्या १०३५ ट्रॅक्टरच्या ऑइल फिल्टरबद्दल

आप्पा, नमस्कार. आईला सांगा तब्येत चांगली आहे, जेवण वेळेवर होतंय.

फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून लिहून पाठवतोय. इथं इंग्लंडात कोव्हेंट्रीच्या बाहेर ज्या शेतावर मी सुट्टीला जातो तिथं एक मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टर आहे, लाल बॉनेट, खाली राखाडी, पर्किन्सचं तीन सिलेंडरचं डिझेल इंजिन. आपल्या १०३५ चा थोरला भाऊच म्हणा, टॅफे कंपनीनं ह्याच मॉडेलवरून आपल्याकडं १०३५ काढला आणि आपलं सिम्पसनचं इंजिनपण मूळ पर्किन्सचंच. हा ३५ बनला तो बॅनर लेनचा कारखाना ह्याच गावात होता, २००२ ला बंद पडला, आता तिथं घरं झालीत. मी मुद्दाम जाऊन बघून आलो, लय वाईट वाटलं.

तर शनिवारी त्याचं ऑइल आणि फिल्टर बदललं. मालक सत्तरीच्या पुढचे, ते शेजारी उभे राहून सांगत होते आणि पाना माझ्या हातात. हल्लीच्या गाड्यांना असतं तसं फिरवून बसवायचं फिल्टर नाही ह्याला. लोखंडी वाटी, मधून लांब बोल्ट, आत कागदाचं एलिमेंट म्हणजे गाळणी, त्याखाली स्प्रिंग आणि वॉशर. कशावर काय होतं ते काढतानाच फोटो काढून ठेवायचं. आधी इंजिन चालवून गरम केलं, कारण थंड असलं की घाण इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरच्या तळाला बसून राहते, गरम ऑइलबरोबर ती निघून येते.

खरं काम रिंगचं आहे आप्पा. वाटी खाली आली की वर ती जिथं बसते त्या फिल्टरच्या हेडमध्ये गोल खाच दिसते, त्यात जुनी रबरी रिंग इतकी चपटी होऊन बसलेली की बघणाऱ्याला वाटावं खाच रिकामीच आहे. टॉर्च धरून सुईनं उचलली तर कडक तुकडे पडायला लागले, सगळे निघेपर्यंत मालकांनी नवी रिंग हातात दिली नाही. जुनीवर नवी बसवली की वाटी सरळ बसत नाही, प्रेशर आलं की तिथूनच ऑइल फेकतं आणि नांगर चालू असताना ते कळलं नाही तर बेअरिंग आणि क्रँक दोन्ही गेलं.

जुनं एलिमेंट टाकून द्यायचं नाही, कापून घड्या उघडून बघायच्या. नुसतं काळं असेल तर काळजी नाही, चमकणारा चुरा दिसला तर बेअरिंग झिजतंय. आणि फिल्टर चोक झालं तरी इंजिन बंद पडत नाही हे बाळ्याला नक्की सांगा, आत बायपासचा व्हॉल्व्ह असतो, तो उघडतो आणि न गाळलेलं ऑइल तसंच फिरत राहतं. म्हणून गाडी नीट चालतीय म्हणजे फिल्टर ठीक आहे असं धरून चालायचं नाही.

बसवताना वाटीत थोडं नवीन ऑइल भरलं, बोल्ट बेताचा आवळला. मग बंद करायचा नॉब ओढून धरून नुसता स्टार्टर मारला, प्रेशरचा काटा हलल्यावरच इंजिन चालू केलं, बंद करून रिंगच्या कडेनं बोट फिरवून बघितलं, कोरडं होतं. मग परत लेव्हल बघून कमी पडलेलं ऑइल भरलं, कारण फिल्टर भरलं की लेव्हल खाली येते.

आपल्याकडं नुसतं वरून ऑइल ओतायची सवय आहे, ती ह्या पावसाळ्याआधी मोडा. ऑइल आणताना एलिमेंट आणि रिंग दोन्ही आणा, दुकानदार रिंग जुनीच चालेल म्हणाला तरी ऐकू नका. बाळ्याला त्या खाचेचा फोटो काढून पाठवायला सांगा, मी बघितल्याशिवाय वाटी लावू नका. रविवारी करणार असाल तर दुपारी बाराला व्हिडिओ कॉल लावा, माझे तेव्हा सकाळचे साडेसात असतात, मी उठलेला असतो.

तुमचा,
संदीप