पौष्टिक लाडवाचे वजन कोणी करायचे?

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

उन्हाळी सुटी लागली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ‘प्रवासासाठी पौष्टिक खाऊ’ हे पान ठरलेले. आपल्याही पुरवणीत येते. शेंगदाण्याचे लाडू, खजुराच्या वड्या, भाजलेली शंकरपाळी, चुरमुऱ्यांचा चिवडा. पदार्थांबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती मापांबद्दल. ‘एक वाटी गूळ’ असे लिहिलेले असते. ती सैल भरायची की दाबून? त्यात सहज ४०-५० ग्रॅमचा फरक पडतो. लाडू किती होतील, एकेकाचे वजन किती, मे महिन्यात ते डब्यात किती दिवस टिकतील, याचा पत्ताच नसतो. मग साखरेऐवजी गूळ घातला की झाला पदार्थ पौष्टिक, एवढ्यावरच वाचक समाधान मानतात.

गूळ साखरेपेक्षा चवीला शंभर पटींनी खमंग, हे मान्य. पण उष्मांकांचा हिशेब मांडला तर १०० ग्रॅम साखरेचे सुमारे ४०० आणि तेवढ्याच गुळाचे साधारण ३८०. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. दिवसाला २,००० उष्मांक घेणाऱ्या माणसाला हे ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, आणि स्वयंपाकात घातलेला गूळ आणि मधही त्यातच धरतात. शेंगदाणे आणि गूळ समसमान घेऊन वळलेला ५० ग्रॅमचा एक लाडू खाल्ला की हे २५ ग्रॅम तिथेच संपले. वर गाडीतला चहा आहेच. खजुराच्या वड्यांना ‘साखरविरहित’ म्हणणे तर सरळ दिशाभूल आहे. खजुराच्या वजनात जवळजवळ दोन तृतीयांश साखरच असते. ती फळातली आहे, सोबत चोथा आहे, हे खरे. पण मधुमेह असलेल्या माणसाने त्या नावावर विसंबून चार वड्या खाव्यात असे नाही.

तेव्हा आम्ही करतो ते काही पदार्थ मापासकट देत आहोत. आधी लाडू. शेंगदाणे २५० ग्रॅम, पांढरे तीळ १०० ग्रॅम, चिरलेला मऊ गूळ १२५ ग्रॅम, बेदाणे ५० ग्रॅम, सुंठपूड अर्धा चमचा, चिमूटभर मीठ. एवढ्यात २० ग्रॅमचे साधारण २५ लाडू होतात, म्हणजे लाडवामागे गूळ फक्त ५ ग्रॅम. आकार लहान लिंबाएवढा. प्रवासात पोरे एकावर थांबत नाहीत, दोन खातात; म्हणून मुळात लाडूच लहान वळायचा.

शेंगदाणे मंद आचेवर १२ ते १५ मिनिटे, आतून बदामी होईपर्यंत भाजावेत. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे आधीच निवडून फेकावेत. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्यानेही पुरते जात नाही. तीळ वेगळे भाजावेत. ते तडतडायला लागले की लगेच उतरवावेत, कारण कढईच्या उष्णतेनेच ते पुढे आणखी भाजले जातात आणि तपकिरी झाले की अख्ख्या घाण्याला कडवटपणा येतो. दाणे आणि तीळ पूर्ण गार झाल्याशिवाय मिक्सरला लावू नयेत. गरम असताना फिरवले की तेल सुटते आणि कुटाचा लगदा होतो.

गूळ कमी केला की लाडू वळत नाही, अशी तक्रार हमखास येते, आणि त्यावर पाककृतींमध्ये ‘थोडे दूध शिंपडावे’ असा उपाय दिलेला असतो. प्रवासाच्या लाडवात दूध किंवा पाणी अजिबात नको. आत ओल शिरली की लाडू या उन्हात दुसऱ्या दिवशीच आंबूस लागतो. त्याऐवजी एकूण दाण्यांपैकी तिसरा हिस्सा मुद्दाम थोडा जास्त फिरवून तेलकट करून घ्यावा; तोच बांधतो. बाकीचे जाडसर ठेवावेत. बेदाणे खलबत्त्यात ठेचून घातले की त्यांचाही चिकटपणा कामी येतो. मात्र बेदाणे धुतल्यावर कापडावर पसरून तासन्‌तास वाळवलेले हवेत. तासगाव-सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, माल आपल्या दारात आहे, पण ओला बेदाणा लाडवात गेला की बुरशी तिथूनच सुरू होते. गूळ गडद तांबूस घ्यावा. फार फिकट, पिवळाधमक दिसणारा गूळ बहुधा हायड्रोस पावडर टाकून उजळलेला असतो. चिक्कीचा गूळ इथे चालत नाही, तो कडक पाकासाठीच. हे लाडू कोरड्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आठ-दहा दिवस चांगले राहतात. पावसाळ्यात गूळ हवेतली ओल ओढतो, तेव्हा पाच दिवसांपुढे भरवसा ठेवू नये.

आता भडंग. सांगलीबाहेर कुठे गेलो तर पहिली मागणी त्याचीच होते. विकतच्या भडंगात तेल आणि मीठ दोन्ही सढळ असतात. घरी दोन्ही आटोक्यात राहतात. भडंगाचे जाड चुरमुरे २५० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, तेल ६० मिलिलिटर, लसणाच्या १५-२० पाकळ्या सालासकट ठेचून, कढीपत्त्याच्या दोन-तीन काड्या, हळद अर्धा चमचा, लाल तिखट दोन चमचे, मेतकूट दोन चमचे. चुरमुरे आधी चाळून घ्यावेत आणि कोरड्या कढईत दोन हप्त्यांत मंद आचेवर चार-पाच मिनिटे परतावेत. मुठीत दाबला की चुरमुरा कुरकुरत मोडला पाहिजे. चेपला तर अजून परतायचा.

मग तेलात शेंगदाणे तळून बाजूला काढावेत, त्याच तेलात लसूण घालावा आणि आच बारीक करावी. इथेच सगळ्यांची घाई होते. लसणाचा रंग बदलला म्हणून गॅस बंद करतात, पण पाकळीच्या गाभ्यात पाणी शिल्लक असते. ते पाणी दोन दिवसांत चुरमुऱ्यांत उतरते आणि भडंग सादळते. लोक मग डब्याच्या झाकणाला दोष देतात. तेलातला चुरचुर आवाज थांबेपर्यंत आणि पाकळी कुरकुरीत होईपर्यंत थांबायलाच हवे. कढीपत्ताही धुऊन, पुसून, सुकवून घालावा. गॅस बंद करून मिनिटभराने हळद-तिखट घालावे; उकळत्या तेलात तिखट टाकले की ते काळे पडते आणि घरभर ठसका उठतो. चुरमुरे आणि दाणे घालून वरखाली करावे, पुन्हा मंद आचेवर तीन-चार मिनिटे परतावे, शेवटी मेतकूट भुरभुरावे. मीठ? आधी चुरमुरा चाखून पाहावा. बहुतेक चुरमुरे मुळातच खारे असतात आणि वर आणखी मीठ लागतच नाही. पिठीसाखरेची सवय असेल तर ती सोडून आमचूर वापरून पाहावा. परातीत पसरून पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावे. कांदा-लिंबू अख्खे सोबत न्यावे आणि खाताना चिरावे. घरून चिरून नेलेला कांदा पाणी सोडतो आणि डबा उघडताच अख्ख्या एसटीला त्याची बातमी लागते.

भाजलेल्या शंकरपाळ्यांचे कौतुक जरा जास्तच होते. तळणीचे तेल वाचते, हे बरोबर. पण पिठात साखर आणि तूप पूर्वीइतकेच असेल तर फरक वाटतो तेवढा पडत नाही, आणि ‘भाजलेली आहेत’ म्हणून दुप्पट खाल्ली जातात. त्यापेक्षा दशमी बरी. ज्वारीचे पीठ १५० ग्रॅम, कणीक १५० ग्रॅम, कोमट दूध पावणेदोनशे ते दोनशे मिलिलिटर लागेल तसे, तेल दोन चमचे, तीळ, मीठ. ज्वारीचे पीठ ताजे दळलेले हवे. विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेल्या पिठाची दशमी कडेने चिरते आणि दुपारपर्यंत तिचे तुकडे होतात. दुधामुळे डाग लवकर पडतात, म्हणून आच मध्यम. एकावर एक गरम रचून फॉइलमध्ये गुंडाळू नयेत. वाफेचे पाणी होते आणि मधल्या दशम्या आधी खराब होतात. जाळीवर गार करून सुती फडक्यात गुंडाळाव्यात. एक सांगायला हवे, आणि ते आपणच छापलेत तर बरे: वर्तमानपत्राच्या कागदात नकोत. त्याची शाई अन्नाला लागते, आणि २०१८ च्या अन्न-पॅकेजिंग नियमांनी खाद्यपदार्थ विक्रेत्यांना असा कागद वापरायला बंदीच घातली आहे. दशमी उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवावी. दोन-तीन दिवसांचा प्रवास असेल तर तीळ लावलेली कडक भाकरी आणि शेंगांची कोरडी चटणी. पापडासारखी होईपर्यंत शेकलेल्या भाकरीत पाणीच उरत नाही, त्यामुळे ती कोरडी राहिली तर आठवडाभर कुठे जात नाही.

ओल्या खोबऱ्याची चटणी, बटाट्याची भाजी, दहीभात, श्रीखंड हे मे महिन्यात डब्यात न नेलेले बरे. बंद गाडीतल्या डब्यात हे पदार्थ दोन तासांनंतर भरवशाचे राहत नाहीत, वास आला नाही तरीही.

गोड नको आणि तोंडात टाकायला काहीतरी हवे, विशेषतः कुंभार्ली किंवा आंबेनळी घाटाच्या वळणांवर मळमळणाऱ्यांना, तर आवळासुपारी. ती थंडीत आवळे असताना करून ठेवायची. किसलेला आवळा अर्धा किलो, किसलेले आले एक मोठा चमचा, मीठ दोन चमचे, जिरेपूड, हिंग. पातळ पसरून कडक उन्हात तीन-चार दिवस. पाचव्या हिश्श्यापर्यंत वजन उतरले पाहिजे. मधेच मऊ वाटली आणि तशीच भरली तर बरणीत बुरशी ठरलेली. वरून घातलेली साखर शून्य, पण मीठ आहे, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी चिमटीनेच घ्यावी.

एवढे करून सगळा प्रवास डब्यावरच काढावा, असे मुळीच म्हणणे नाही. साताऱ्यावरून जायचे आणि कंदी पेढा खायचा नाही, हा कसला आरोग्यविचार! डबा मधल्या भुकेसाठी. तो असला की स्टँडवर पोट खवळल्यामुळे दिसेल ते घ्यावे लागत नाही आणि जेवायच्या वेळी नीट बसून गरम भाकरी-पिठले, खर्डा, वांग्याची भाजी मागवता येते. मिसळ घ्यायची तर कट वेगळा मागावा आणि लागेल तेवढाच घालावा. निम्मे तेल वाटीतच राहते. वडा-भजी समोर कढईतून निघताना घ्यावेत, पण आधी कढईकडे बघावे. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारी ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायला कायद्याने मनाई आहे. ते मोजायला यंत्र लागते. गिऱ्हाइकाला मात्र काळपट, चिकट तेल, न विरणारा फेस आणि आच बारीक असतानाही निघणारा धूर दिसतो. एवढे दिसले की पुढच्या गाड्यावर जावे. उसाचा रस बर्फाशिवाय. चिरून ठेवलेले कलिंगड नको, केळी उत्तम.

कंदी पेढ्यातला खवा खरपूस भाजलेला असतो, त्यामुळे त्यात ओल कमी आणि तो पांढऱ्या पेढ्यापेक्षा जास्त टिकतो. तरी तो जाताना न घेता परतीच्या वाटेवर घ्यावा. गरम पेढे पिशवीत बांधून दिले तर घरी येईपर्यंत पाणी सुटते; गार झालेले मागावेत आणि गाडीच्या काचेपाशी ठेवू नयेत. एक पेढा चवीने, त्या दिवशीचा लाडू मग राहू द्यावा.

आपल्याकडे मागणे एवढेच. पुढच्या पुरवणीत प्रत्येक पाककृतीखाली तीन गोष्टी छापाव्यात: गूळ, साखर, तेल ग्रॅममध्ये, नग किती आणि एकाचे वजन किती, उन्हाळ्यात फ्रीजबाहेर किती टिकेल. पाठवणाऱ्यांकडूनच ही माहिती मागवून घ्यावी, म्हणजे ज्यांनी पदार्थ खरोखर केला आहे तेच पाठवतील. जागा अपुरी पडली तर फोटो लहान करावा.

आपल्या,
घरगुती फराळाचे पदार्थ करून देणाऱ्या काही जणी,
सांगली