महाराष्ट्राच्या त्या दोन सीझनबद्दल पण लिहा की

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रणजीचा, म्हणजे राज्याराज्यांच्या टीममधल्या क्रिकेट स्पर्धेचा, विषय निघाला की आपल्याकडे सगळं मुंबईपासून सुरू होतं आणि मुंबईवरच संपतं. मुंबई मोठी आहेच, त्याबद्दल वाद नाही, पण स्वातंत्र्याच्या आधीच्या रणजीवर लेख येतो आणि त्यात 1939-40 आणि 1940-41 ही दोन वर्षं एका ओळीत उरकली जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. ही दोन्ही वर्षं रणजी आपल्या महाराष्ट्राच्या टीमने जिंकलीय, लागोपाठ, प्रो. दि. ब. देवधर कॅप्टन असताना. त्यानंतर आजपर्यंत परत एकदाही नाही, फायनलला जाऊन हरलो तेवढंच.

पहिल्या वर्षी विजय हजारे आपल्याकडून खेळायचे, सांगलीचाच माणूस. पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद 316 काढले, रणजीतली पहिली ट्रिपल सेंच्युरी. आणि त्यातली भारी गोष्ट म्हणजे नगरवालांबरोबर नवव्या विकेटला 245 ची पार्टनरशिप झाली, म्हणजे समोरच्यांना वाटावं आता संपलीच यांची इनिंग आणि हे दोघं खेळतच राहिले, नगरवाला 98 वर आउट झाले बिचारे. पुढे हेच हजारे बडोद्याकडून खेळायला लागले, ते आपलं नुकसान. फायनल पण पुण्यातच झाली, युनायटेड प्रॉव्हिन्सेसला (आजचा उत्तर प्रदेश) हरवून.

पण मला जास्त बोलायचंय ते 1940-41 बद्दल. त्या सीझनला पुण्यात मुंबईविरुद्धची मॅच झाली, त्यात आपण 675 केले आणि मुंबईने त्याला 650 चं उत्तर दिलं. 25 रनांचा फरक! तेव्हा पण मॅच पूर्ण झाली नाही तर पहिल्या डावाच्या लीडवर निकाल लागायचा, त्यामुळे मुंबईचे रन वाढत चालले तसं बघणाऱ्यांचं काय झालं असेल विचार करा, तिकडून रांगणेकरांनी डबल सेंच्युरी मारलेली, मर्चंटची सेंच्युरी. आणि आपल्याकडून 246 कुणी केले तर स्वतः देवधरांनी, जानेवारी 1892 चा जन्म, म्हणजे पन्नाशीला टेकलेला माणूस, एसपी कॉलेजात संस्कृत शिकवणारा! आज पस्तिशीच्या प्लेअरला लोक रिटायर कधी होणार विचारतात. मग मद्रासला जाऊन मद्रासलाच हरवून ट्रॉफी परत आणली. टीममध्ये रंगा सोहोनी होते, जे बॅटिंगला पण ओपन करायचे आणि नवा बॉल पण टाकायचे.

अजून एक, त्याच सीझनला गांधीजींनी धर्मावरून टीम पाडणाऱ्या पंचरंगी सामन्यांना विरोध केला आणि हिंदूंची टीम उतरलीच नाही. तेव्हा गर्दी पंचरंगीला व्हायची, रणजीला तेवढी नाही. पण प्रांताच्या नावावर खेळायची सवय लागली ती रणजीमुळे, आणि पारशी नगरवाला, ख्रिश्चन हजारे, हिंदू सोहोनी एकाच टोपीखाली खेळले हे मला त्या ट्रॉफीइतकंच मोठं वाटतं.

मध्ये क्रिकेट शिकणाऱ्या एका मुलाला मी विचारलं देवधर कोण, तर म्हणाला वनडेची ट्रॉफी असते ना ती. त्याची चूक नाहीये, त्याला कुणी सांगितलंच नाही. 1973 मध्ये त्यांच्या नावाने स्पर्धा सुरू झाली पण नावामागचा माणूस कुठेच नाही.

माझी विनंती एवढीच, रणजी सुरू होईल तेव्हा रविवारच्या पुरवणीत त्या 675 आणि 650 वाल्या मॅचचं पूर्ण स्कोअरकार्ड छापा, सगळी नावं, सगळ्या विकेट कुणी घेतल्या त्यासकट. अर्धं पान लागेल. ज्यांच्या घरात जुनी कात्रणं असतील त्यांना पाठवायला सांगा, आमच्या आजोबांच्या पेटीत होती ती वाळवीने खाल्ली, इतरांची वाचली असतील.

आपला एक वाचक, पुणे